मॅलेटसाहेबाची सासुरवाडी

माथेरान १८५० साली ह्यू पॉइन्ट्झ मॅलेटने शोधलं, हे आम्ही शाळेत पाठ केलं होतं. ठाण्याचा कलेक्टर, मे महिना, चौक गावाकडून वर चढला वगैरे. पेशव्यांच्या दरबारात इंग्रजांचा वकील चार्ल्स वॉर मॅलेट होता, हेही पाठ. पण हे दोघे एकमेकांचे कोण, हा प्रश्न मला साठीपर्यंत कधी पडला नाही. मागच्या दिवाळीत माथेरानला नातवाने विचारलं, "आजी, आडनाव एकच म्हणजे नातेवाईकच ना?" जोशी-कुलकर्ण्यांच्या गावात वाढलेल्या बाईने असल्या प्रश्नाला हो म्हणू नये. बघून सांगते म्हटलं, आणि सात महिने त्यात गेले.

पुरुषांची बाजू खरं तर एका दुपारीत उरकली. पेशवे आणि कंपनी यांच्यात टिपूविरुद्ध १७९० मध्ये तह झाला, त्याबद्दल चार्ल्सला १७९१ मध्ये बॅरोनेट केलं. ही 'सर' पदवी वारसाने चालते, त्यामुळे अशा घराण्यांच्या वंशावळी छापील मिळतात. शिवाय त्याच्याच एका मुलाने, मुंबई इलाख्यात नोकरी केलेल्या आर्थरने, १८८५ मध्ये घराण्याची सगळी हकीकत पुस्तकरूपाने काढली, आपल्याकडच्या कुलवृत्तान्तासारखीच. मूळ सॉमरसेटचं, शेप्टन मॅलेट गावाच्या नावात अजून टिकून असलेलं घराणं. चार्ल्सला आठ मुलगे, त्यातला एक ह्यू. म्हणजे बापलेक. संपलं.

संपायला हवं होतं. पण बायकोच्या रकान्यात अर्धी ओळ होती: १७९९ मध्ये विवाह, सुसाना, चित्रकार जेम्स वेल्स याची मुलगी. वेल्स! सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांचं ते प्रसिद्ध चित्र काढणारा वेल्स. म्हणजे माथेरान चढून जाणाऱ्या कलेक्टरच्या आईच्या वडिलांनी पेशव्याला समोर बसवून रंगवलं होतं. हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मग मी मॅलेट सोडले आणि सासुरवाडीच्या मागे लागले.

इथे पहिली फजिती. कुठल्याही शोधखिडकीत 'वेल्स' टाका, अख्खा वेल्स प्रांत अंगावर येतो. कोळशाच्या खाणी, प्रिन्स ऑफ वेल्स, वेल्समध्ये जन्मलेले हजारो जेम्स. एका संकेतस्थळावर पैसे भरून एक तयार वंशवृक्ष मिळवला, तर त्यात सुसानाचं जन्मस्थळ 'वेल्स' आणि आडनावाची जागा रिकामी! कुणीतरी आडनाव उचलून गावाच्या घरात टाकलं होतं, आणि पुढच्या चौदा जणांनी ते तसंच उतरवून घेतलं होतं. ते पैसे गेले ते गेलेच. तेव्हापासून मूळ पानाचा फोटो दिसल्याशिवाय कशावरही विश्वास ठेवायचा नाही, असं ठरवलं.

पण मूळ पानही सगळं सांगत नाही. १७५४ पासून इंग्लंडात लग्नाची नोंद ठरावीक नमुन्यात होते: वर, वधू, त्यांचे पॅरिश म्हणजे चर्चचे विभाग, सह्या, साक्षीदार. वडिलांचं नाव मात्र १८३७ च्या जुलैपासून लिहू लागले. म्हणजे १७९९ च्या नोंदीवरून ही सुसाना नेमकी कुठल्या वेल्सची, हे ठरत नाही. पुरावा भलतीकडून मिळाला. जेम्स वेल्स १७९५ मध्ये साष्टीत वारला, कान्हेरीची लेणी चितारता चितारता. त्याची वेरूळची रेखाटनं थॉमस डॅनियल या इंग्रज चित्रकाराने १८०३ मध्ये छापली आणि दरबारातल्या त्या तहाचं चित्रही वेल्सच्या तयारीवरून डॅनियलनेच पुरं केलं. सासऱ्याचे कागद जावयाने सांभाळले होते. नातं चित्रांतून सिद्ध झालं.

वेल्स स्कॉटलंडचा, पीटरहेडचा. तिकडच्या जुन्या नोंदी पाहायला क्रेडिट विकत घ्यावे लागतात, एकेक पान उघडताना हात आखडतो. पण तिथे एक सुखद धक्का बसला. जुन्या स्कॉटिश कागदांत लग्नानंतरही बाईचं माहेरचं आडनाव लिहायची रीत आहे. त्यामुळे सुसानाची आई मार्गारेट वॉलेस ही 'वॉलेस'च राहते. इंग्लंडात हीच बाई मिसेस वेल्स होऊन दिसेनाशी झाली असती. आमच्याकडे तर आडनावाबरोबर पाळण्यातलं नावही बदलायचे, त्यामुळे मला हसू आलं आणि जरा रागही.

इंग्लंडातल्या बायका शोधायच्या तर मुलांची मधली नावं बघावीत. चार्ल्सची आई सेंट लो घराण्यातली. त्याच्या एका मुलाचं नाव चार्ल्स सेंट लो मॅलेट. थोरला अलेक्झांडर, त्याच्या मुलाचं नाव हेन्री चार्ल्स ईडन मॅलेट. हे ईडन कुठून आलं? अलेक्झांडरची बायको डोरा स्पॉल्डिंग, तिची आई माहेरची ईडन. दर वेळी हे जमत नाही. चार्ल्सच्याच आणखी एका मुलाचं नाव ऑक्टेव्हियस. लॅटिनमध्ये आठवा! मी मात्र ऑक्टेव्हियस नावाचं घराणं शोधत एक संध्याकाळ घालवली.

डोराने मला आणखी एका खड्ड्यात पाडलं. तिचे वडील वारल्यावर आईने हेन्री ब्रूमशी लग्न केलं, जो पुढे लॉर्ड चॅन्सेलर, म्हणजे न्यायखात्याचा सर्वांत वरचा अधिकारी, झाला. जुन्या इंग्रजीत 'फादर-इन-लॉ' म्हणजे सासरा आणि सावत्र बापही. 'ब्रदर' म्हणजे सख्खा भाऊ, मेहुणा, दीर, साडू, काहीही. आपल्याकडे एका शब्दात मिटतं, तिथे त्यांच्या मृत्युपत्रातल्या प्रत्येक 'ब्रदर'ची चौकशी करावी लागते. मी अलेक्झांडर, डोरा आणि ब्रूम यांची आधी दोन पिढ्यांची सरमिसळ केली होती. सगळं खोडून तक्ता पुन्हा काढला, या वेळी पेन्सिलीने.

अलेक्झांडरचा धाकटा मुलगा एडवर्ड बर्लिनला ब्रिटिश राजदूत होता. १८८५ मध्ये त्याने ड्यूक ऑफ बेडफर्डच्या मुलीशी लग्न केलं. पीटरहेडच्या चित्रकाराचा पणतू ड्यूकचा जावई. हे सगळं लग्नांच्या वाटेनेच दिसलं. मॅलेट, मॅलेट, मॅलेट असं सरळ वर गेले असते तर यातलं काही कळलं नसतं.

तक्ता पुरा झाला तेव्हा नातवाला बोलावलं. वंशवृक्षात लग्नासाठी दोन नावांमध्ये बरोबरचं चिन्ह काढतात, ते त्याला फार आवडलं.

"म्हणजे ह्यू चार्ल्सचा मुलगा. एवढ्याला सात महिने?"

मग त्याचं बोट चार्ल्सच्या डावीकडे थांबलं. सुसानाआधी मॅलेटचा इथे, हिंदुस्थानात, एक संसार होता. अंबर कौर तिचं नाव, मुलंही झाली. बॅरोनेटच्या छापील वंशावळी सुरू होतात १७९९ पासून. मी तिचं नाव पेन्सिलीने कडेला लिहून ठेवलं होतं.

"हिला बरोबरचं चिन्ह का नाही?"

"चर्चच्या वहीत नोंद नाही म्हणून."

"पण मुलं होती ना?"

मी तक्ता पुन्हा उलगडला आणि त्याच्या हातात पेन्सिल दिली.