भुतरामहट्टीचा सिंह, नांदणीची माधुरी

आज भाचीला घेऊन बेळगावजवळच्या भुतरामहट्टीच्या प्राणीसंग्रहालयात गेलो. सिंह पाठ करून पसरलेला, शेपटीचा गोंडा तेवढा हलत होता. तरी पोरगी जाळीपाशी अर्धा तास. निघताना विचारते, "मामा, ह्याला कुठं नेणार नाहीत ना?"

मला एकदम नांदणीच्या जैन मठातली माधुरी हत्तीण आठवली. कोर्टाच्या आदेशानं जुलै २०२५ मध्ये ती गुजरातेत, अंबानींच्या वनतारा प्राणीकेंद्रात गेली आणि इकडं निपाणी-चिकोडीपर्यंत माणसं हळहळली. (तिच्या पायांच्या दुखण्याबद्दल मात्र आमच्यात फारसं कुणी बोललं नाही.) लोकांनी अंबानींच्या जिओची सिमकार्डं बदलली, नांदणीहून कोल्हापूरपर्यंत चालत मोर्चा नेला, आठ-दहा दिवसांत मुख्यमंत्र्यांना बैठक घ्यावी लागली.

आमचा सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून कोर्टात आहे!

भाचीला म्हटलं, "नेलंच तर रड. मोठ्यानं रड."