अर्धा गड्डा

काल शेजारच्या बाईंनी अ‍ॅस्टिल्बीचा, म्हणजे तुऱ्यांसारखी फुलं येणाऱ्या एका झाडाचा, जोमात आलेला गड्डा जमिनीतून उपसला, आडवा ठेवला आणि कुदळीने मधोमध चिरला. नुकतेच लालसर कोंब फुटलेले. माझ्या पोटात कालवलं. अर्धा गड्डा माझ्या हातात देत त्या म्हणाल्या, "लगेच लाव, मुळं सुकू देऊ नकोस."

घरामागची चिंचोळी पट्टी तीन वर्षं मला छळत होती. ऊन जेमतेम दोन तास, माती सदा ओली. गुलाब लावला, पानांवर काळे ठिपके पडले. झेंडू नुसताच लांबुडका वाढला. यात माझी फार चूक होती असं मला अजूनही वाटत नाही. भरपूर उन्हात वाढलेल्या माणसाला फुलझाड म्हटलं की आधी ऊनच दिसतं.

अ‍ॅस्टिल्बीला सावली चालते, ओल मात्र लागतेच. माती सुकली की पानांच्या कडा करपतात. मग कितीही पाणी घाला, ती पानं पुन्हा हिरवी होत नाहीत. पण ओल वेगळी आणि तुंबलेलं पाणी वेगळं. म्हणून बाईंनी परवाच मला फूटभर खोल खड्डा खणून पाण्याने भरायला लावला होता. दुसऱ्या दिवशीही पाणी तसंच दिसलं असतं तर इथे गड्डा कुजला असता. माझ्या खड्ड्यातलं दोन तासांत जिरलं. लावून झाल्यावर कुजलेल्या पानांचा दोन इंच थर दिला, कोंब मोकळे ठेवून.

त्यांच्या कुंपणाशी पल्मोनेरिया फुललाय. कळी गुलाबी, फूल जुनं होताना निळं. एकाच देठावर दोन्ही रंग. मी किती वेळ वाकून बघत होते. होस्टाही देते म्हणाल्या, पण त्याची पानं गोगलगायी रातोरात चाळणी करतात, त्यामुळे तो पुढच्या वर्षी.

रात्री एकदम आठवलं, आईसुद्धा सोनटक्क्याचे कंद असेच मोडून वाटायची. तीच ओली जागा, तीच अर्धी सावली. म्हणजे ही विद्या आपल्या घरातलीच, मी फक्त ऊन धरून बसले होते. आणि अ‍ॅस्टिल्बीचे तुरे कितीही देखणे असोत, सोनटक्क्याचा वास त्यांना नाही, हे मी बाईंना सांगणार आहे.

तीन-चार वर्षांत हाही गड्डा मधून जून होईल, तेव्हा चिरायचा. सकाळी उठून आधी तिकडे गेले. पाचही कोंब ताठ होते.