तर्रीची वाफ आणि डेक्स्टरचा धूर

डिसेंबरातली पहाट, पुरतं उजाडलेलं नव्हतं. नागपूरच्या कस्तुरचंद पार्कजवळ तर्री-पोह्याच्या गाडीपाशी कॅमेरा घेऊन उभा होतो. काकांनी तर्रीच्या गंजावरचं झाकण उचललं आणि त्याच वेळी त्यांच्या पाठीमागे एका ऑटोचा हेडलाइट लागला. वाफ अशी उजळली की काका दिसेनासेच झाले. दिसत होती फक्त टोपीची कड आणि पळी धरलेला हात.

मला तिथेच जॅझवाल्यांचे फोटो काढणारे हर्मन लिओनार्ड आठवले. १९४८ साली न्यूयॉर्कच्या रॉयल रूस्ट या जॅझ क्लबमध्ये त्यांनी सॅक्सोफोनवादक डेक्स्टर गॉर्डनचा फोटो काढला. सॅक्सोफोन मांडीवर, हातात सिगारेट, डोक्यावर हॅट. तो वाजवत नाहीये, तरी त्या धुरातून मला सूर ऐकू येतात. धूर किंवा वाफ समोरून फ्लॅश मारला की फिकी, सपाट पडते. मागून उजेड आला की तिचा एकेक पदर सुटा होतो. हे पुस्तकात वाचलं होतं, पटलं मात्र त्या गाडीपाशी.

घरी येऊन चारकोल घेतला. पहिल्या दोन कागदांवर पांढऱ्या पेस्टलने वाफ काढली, ती पिंजलेल्या कापसासारखी झाली. मग अख्खा कागद काळा केला आणि कणकेसारखं मळता येणारं खोडरबर घेऊन वाफ पुसून काढायला लागलो. डेक्स्टर लावलेला होताच. हा माणूस ठेक्याच्या जरासा मागे रेंगाळून वाजवतो. सम येऊन जाते, आणि मग निवांत त्याचा सूर येतो. मी घाईघाईने पुसत होतो, तो हात त्याच्या चालीवर आणला. रेघ सुरू करायची, थांबायचं, बोटांवरचा दाब सोडायचा, आणि वाफ जिथे विरते तिथे खोडरबर नुसतं टेकवून उचलायचं. कागदाचा मूळ पांढरा रंग खालून वर येतो, तो कुठल्याही पेस्टलमध्ये नाही. चार रात्री गेल्या. त्या चित्रातली वाफ मला आजवरच्या माझ्या सगळ्या कामापेक्षा प्रिय आहे.

रविवारी चित्र गुंडाळून गाडीवर नेलं. काकांनी हात पुसले, कागद लांब धरला.

"भाऊ, मी कुठी हाओ याच्यात?"

मी टोपीची कड दाखवली. ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "पळी तर आपलीच हाये."