शाळेभोवतीचे शंभर यार्ड : वस्तीची समिती चालवताना

व्यसनविरोधी समिती म्हटलं की पहिल्याच बैठकीत दोन ठराव हमखास होतात, एक रॅली आणि एक व्याख्यान. आमच्याकडेही झाले. सोलापूरच्या पूर्व भागात एका गल्लीत यंत्रमागाचा खडखडाट आणि शेजारच्या गल्लीत मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या बाया. तिथे तंबाखू वाईट आहे हे कुणाला सांगावं लागत नाही, ते पाकिटावरच छापलेलं असतं. माणसं लागतात ती पुडी आणि पोर यांच्यातलं अंतर वाढवायला. हे कळायला आम्हाला पहिलं वर्ष लागलं, म्हणून जे केलं आणि जे फसलं ते इथे मांडतोय.

आधी माणसं जमवण्याबद्दल. अमेरिकेत १९९७ च्या कायद्याखाली अशा समित्यांना सरकारी पैसा मिळतो, पण समाजाच्या बारा घटकांतला प्रत्येकी एक प्रतिनिधी असेल तरच : तरुण, पालक, शाळा, पोलीस, डॉक्टर, व्यापारी, पत्रकार, धार्मिक संस्था वगैरे. ती यादी आम्ही समोर ठेवली आणि वस्तीप्रमाणे बदलली. विडी कामगार बायका दोन, यंत्रमाग कामगार एक, गणेश मंडळाचा आणि जयंती मंडळाचा प्रत्येकी एक कार्यकर्ता, मशिदीच्या आणि मंदिराच्या ट्रस्टचा प्रत्येकी एक, दंतवैद्य, मुख्याध्यापक, पोलीस ठाण्याचा माणूस आणि सोळा-सतरा वर्षांची चार पोरं. पोरं चारच का? एकटं पोर मोठ्यांच्या बैठकीत तोंड उघडत नाही, चौघं असली की एक तरी बोलतं. त्या यादीत नसलेला एक माणूस आम्ही बसवला : टपरीवाला. त्यावरून वाद झाला, पण पुढे जे काही हललं ते त्याच्यामुळेच हललं.

बैठक कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी, संध्याकाळी, एक तास. त्याहून जास्त नाही. विड्या देऊन आलेल्या बाईला घरी स्वयंपाक असतो. इतिवृत्त एकाच वहीत, प्रत्येक कामासमोर नाव आणि तारीख. बाहेर जाणारं प्रत्येक पत्र दोन प्रतींत न्यायचं, एकीवर आवक क्रमांकाचा शिक्का घेऊन परत आणायची. शिक्का नसेल तर ते पत्र गेलंच नाही असं समजा.

दुसरं काम पाहणीचं. यात सगळ्यात जास्त चुका होतात. आठवी ते दहावीच्या मुलांना पंधरा प्रश्न, फक्त खुणा करायच्या, नाव नाही, हजेरी क्रमांक नाही. चार गोष्टी विचारायच्याच : गेल्या तीस दिवसांत काय घेतलं, त्याने किती धोका होतो असं वाटतं, घरच्यांना कळलं तर ते काय म्हणतील, मित्र काय म्हणतील. मावा (म्हणजे टपरीवर घोटलेली सुपारी-तंबाखू), विडी, सिगारेट, दारू, गांजा, पंक्चरचं सोल्युशन, व्हाइटनर, व्हेप, सगळं वेगवेगळं विचारायचं. नुसतं ‘व्यसन करता का’ विचारलं की मावा खाणारा पोरगासुद्धा ‘नाही’ लिहितो, कारण मावा त्याच्या लेखी व्यसन नाहीच. यादीत एक खोटं, अस्तित्वात नसलेलं नाव घालायचं. ज्याने तेही घेतल्याचं लिहिलं, त्याचा कागद बाजूला. फुशारकी मारणारे असे गळतात.

पहिल्या खेपेला वर्गशिक्षक रांगांमधून फिरत राहिले आणि कागद स्वतः गोळा केले. त्या वर्गाचे सगळे कागद स्वच्छ निघाले, म्हणजे बाद. दुसऱ्या खेपेला शिक्षक वर्गाबाहेर, बाहेरचा माणूस आत, आणि कुलूप लावलेली पत्र्याची पेटी. सोलापुरात मराठीबरोबर तेलुगू, कन्नड, उर्दू माध्यमाच्या शाळाही आहेत, तेव्हा कागद त्या त्या भाषेत हवा. भाषांतर संगणकावरून न करता ती भाषा घरी बोलणाऱ्या माणसाकडून करून घ्या. पालकांना आठवडाभर आधी चिठ्ठी जाते, नको असेल त्यांनी सही करून परत पाठवायची. आकडे कधीही शाळेच्या नावाने बाहेर काढू नयेत, सगळ्या शाळांची मिळून एकच बेरीज. एका शाळेचं नाव फुटलं की पुढच्या वर्षी कुठलाही मुख्याध्यापक दार उघडत नाही, आणि त्यात त्याची चूक नाही.

आता शंभर यार्ड. तंबाखू नियंत्रणाचा २००३ चा कायदा, कलम ६ : अठराखालच्याला विक्री नाही आणि शैक्षणिक संस्थेपासून शंभर यार्डांच्या आत विक्रीच नाही. शंभर यार्ड म्हणजे ९१.४४ मीटर. हे अंतर शाळेच्या फाटकापासून नव्हे, कुंपणाच्या बाहेरच्या कडेपासून मोजायचं, आणि रस्त्याने वळून नव्हे, सरळ रेषेत. नियमांत तसं स्पष्ट आहे, त्या ओळीची छापील प्रत खिशात ठेवा. सगळं भांडण इथेच होतं. टपरीवाला कोपऱ्याला वळसा घालून रस्त्याने मोजतो, त्याच्या हिशेबाने तो बाहेर असतो, सरळ रेषेने आत.

गवंड्याकडचा तीस मीटरचा फीता घ्यायचा, तीन वेळा ताणायचा आणि वर १.४४ मीटर. माणसं तीन : दोघं टोकांना, एक वहीत लिहायला. शाळेच्या प्रत्येक कोपऱ्यापासून मोजायचं. मध्ये घरं आली की फीता सरळ जात नाही, तिथे मोबाईलच्या नकाशावर अंतर काढायचं आणि आधी मोकळ्या रस्त्यावर एकदा फीत्याशी ताडून बघायचं. फीता दिसेल असा फोटो, दोन साक्षीदारांच्या सह्या, तारीख. मग रस्त्यावर चार इंची पिवळा पट्टा. धूळ झाडून, रस्ता कोरडा करून मारला तरच टिकतो. आमचा पहिला पट्टा घरच्या ऑइलपेंटचा होता, ट्रॅक्टर-टेम्पोंनी आठवड्यात खाल्ला.

मोजमाप झाल्यावर थेट तक्रार करायची नाही. आधी टपरीवाल्याला पट्टा दाखवायचा आणि मुदत द्यायची. कलम ६ चा दंड दोनशे रुपयांपर्यंतच आहे. चांगल्या चालणाऱ्या टपरीला तो खिजगणतीतही नसतो. खरी धार बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ७७ ला आहे. मुलाला दारू, अमली पदार्थ किंवा तंबाखू दिली तर सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. मुलाकडून दारू किंवा अमली पदार्थ विकून घेतले तरी शिक्षा तीच, कलम ७८ खाली. हे कलम कागदावर छापून वाटलं, पण तोंडी धमकी म्हणून वापरलं नाही. एकदा धमकी दिली की टपरीवाला बैठकीला येणं सोडतो आणि विक्री मागच्या बोळातल्या घरात जाते. तिथे कुठला फीता पोचणार?

सुटी सिगारेट आणि सुटी विडी विकायला महाराष्ट्रात सप्टेंबर २०२० पासून बंदी आहे. पोरांसाठी हे कलम सगळ्यात कामाचं, कारण पाकीट घ्यायला त्यांच्याकडे पैसे नसतात. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून आणि सुगंधी तंबाखूवर २०१३ पासून बंदी आहे, त्याची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे. मावा मात्र चिवट. तो टपरीवरच घोटला जातो, प्लास्टिकच्या कागदावर ना नाव ना इशारा, आणि मागितल्यावर ‘ही नुसती सुपारी’ असं उत्तर मिळतं.

टपरी हलवायची तर जागा द्यावी लागते. पथविक्रेत्यांच्या २०१४ च्या कायद्याखाली महापालिकेत नगर पथविक्रेता समिती असते, अर्ज तिथे. सोलापूर ग्रामीण पोलिसांनी २०२१ मध्ये ‘ऑपरेशन परिवर्तन’ सुरू केलं. मुळेगाव तांड्यावर हातभट्टी गाळणाऱ्या कुटुंबांना दुसरा धंदा लावून देण्यावर त्यात भर होता. त्याचंच उदाहरण आम्ही अर्जात दिलं. वही-पेन, बिस्किटं, मोबाईल रिचार्ज यावर टपरी चालते, पण तंबाखूइतकी नाही. काही जण पट्ट्याबाहेर टिकले, काही परत आत सरकले. हे धरूनच चालायचं.

ऑक्टोबर २०२३ मध्ये चिंचोळी एमआयडीसीत एमडी (मेफेड्रोन) ड्रग्जचा कारखाना पकडला गेला आणि बैठकांत दुसरा विषयच उरला नाही. अशा ड्रग्जची माहिती मिळाली तर १९३३ या हेल्पलाइनला किंवा पोलिसांना द्यायची आणि तिथेच थांबायचं. स्वतः पाळत ठेवणं वस्तीतल्या समितीचं काम नव्हे. आठवीतल्या पोराच्या खिशात त्या दिवशीही मावाच होता.

घरातल्या तंबाखूचा प्रश्न वेगळा. विड्या वळणाऱ्या घरात तंबाखू सुपात उघडी असते, पोरं धागा बांधायला बसतात. तिथे उपदेश केला तर बाई म्हणते, मग हजार विड्यांची मजुरी तुम्ही देता का? आम्ही तीनच गोष्टी मागितल्या : तंबाखू झाकणाच्या डब्यात, पोरांचे हात तंबाखूला नाहीत, आणि वळायची जागा अभ्यासाच्या जागेपासून वेगळी. तिसरी एकाच खोलीच्या घरात जमत नाही, ती सोडून दिली.

पोर सापडलं तर काय? आधी पोलीस नाही. दंतवैद्याच्या तपासणीत स्वतःची तीन बोटं उभी तोंडात जातात का एवढं बघितलं जातं. मावा-सुपारी खाणाऱ्यात तोंड आखडायला लागलेलं असतं, ते तिथे पकडता येतं. तंबाखू सोडण्यासाठी १८०० ११ २३५६, इतर नशेसाठी १४४४६, आणि पुढे सिव्हिलच्या मानसोपचार विभागात. घरचे घाबरलेले असतात की केस होईल. स्वतःहून उपचाराला जाणाऱ्या व्यसनीला अमली पदार्थ कायद्याच्या कलम ६४अ खाली खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं, हे त्यांना वकिलाकडून सांगवा. आणि पोराचा फोटो, नाव, गल्ली, काहीही व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायचं नाही. समितीतल्या एकाने कौतुकाने टाकलं आणि ते घर आमच्यापासून तुटलं ते तुटलंच.

वेळेचंही गणित आहे. शाळा सुटल्यापासून आई-बाप घरी येईपर्यंतचे दोन-तीन तास, दहावीची परीक्षा संपल्यानंतरचा मार्च-एप्रिल आणि मिरवणुकीच्या रात्री. जागतिक तंबाखू विरोधी दिन ३१ मे ला येतो, तेव्हा शाळांना सुट्टी. रॅलीत मोठेच चालतात. २६ जूनला, अमली पदार्थविरोधी दिनी, शाळा नुकत्याच उघडलेल्या असतात आणि मुख्याध्यापक पुस्तकवाटपात अडकलेले. म्हणून आम्ही पैसा आणि माणसं संध्याकाळच्या मैदानावर लावली. एक खो-खोचं मैदान, दोन हॅलोजन, रोज हजर राहणारा एक माणूस. तो माणूस आठवड्यातून दोनदा चुकला की पोरं परत कट्ट्यावर.

गणेशोत्सवाआधी मंडळांकडून लिहून घेतो : मांडवामागे बसणं बंद, अठराखालच्या पोराला वर्गणीची पावती फाडायला रात्री पाठवणं बंद, आणि गाडी देणं बंद. शेवटच्या मुद्द्याला मंडळवाले हसतात. मग अल्पवयीन चालवताना सापडला तर पालकाला किंवा गाडीमालकाला पंचवीस हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, हे मोटार वाहन कायद्याचं कलम १९९अ वाचून दाखवायचं.

जूनमध्ये शाळा उघडायच्या आधी फीता पुन्हा काढावा लागतो. गटारीसाठी रस्ता खणला की पट्टा जातो, आणि पट्टा गेलेल्या जागी कधीकधी नवी टपरी आधीच उभी असते.