पावसाळ्यात कॉफी सादळू नये म्हणून

कॉफीसाठी डबा कोणता घ्यावा हे नंतर बघू. आधी एका वेळी किती आणायची ते ठरवा. दोन माणसांच्या घरी रोज साधारण 30 ग्रॅम फिल्टर कॉफी पावडर लागत असेल, तर पाव किलो आठ दिवसांत संपते. स्वस्त पडते म्हणून किलोभर आणलीत, तर शेवटचा पाव किलो महिनाभर जुना असतो, आणि दळलेली कॉफी तेवढे दिवस तग धरत नाही. दळल्यावर हवा लागणारा पृष्ठभाग कितीतरी पटींनी वाढतो. वास आधी उडतो, मग तेल खवटायला लागतं. अख्ख्या बिया भाजल्यापासून महिना-दीड महिना चांगल्या राहतात. पावडर उघडल्यावर दोन आठवड्यांत संपवावी.

मुंबई-कोकणाच्या हवेत जून ते सप्टेंबर हा हिशेब आणखी आखडतो. चिकोरी (कॉफीत मिसळतात ती भाजलेल्या मुळाची पूड) ओल झटकन ओढते, त्यामुळे 60 टक्के कॉफी, 40 टक्के चिकोरी अशा मिश्रणाच्या गुठळ्या शुद्ध कॉफीच्या आधी होतात. इन्स्टंट तर त्याहून नाजूक: ओला चमचा एकदा बुडाला की बरणीत दगड तयार. कपातल्या वाफेवर बरणी धरून चमचा झटकायची सवयही तितकीच वाईट.

उपाय साधा आहे. पावडरचे दोन भाग करा. चार दिवसांची एका लहान, घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, अगदी काठोकाठ. रिकाम्या जागेत हवाच असते. उरलेली मूळ पुडीतच ठेवा, हवा दाबून काढा, तोंड दोनदा दुमडून चिमटा लावा आणि ती पुडी दुसऱ्या डब्यात घाला. रोज उघडतो तो लहान डबा, मोठ्याला चार दिवसांतून एकदाच हवा लागते. काचेची बरणी चालेल, पण बंद कपाटात. ओट्यावर उन्हात नको. गॅसच्या वरचं फडताळ सर्वांत वाईट, आणि हिंगाच्या डबीशेजारी ठेवलीत तर फिल्टरमधून काय उतरेल ते सांगायला नको.

ताज्या भाजलेल्या बिया काही दिवस कार्बन डायऑक्साइड सोडत असतात. पुडीवरचं ते बारीक भोक म्हणजे एकमार्गी झडप: वायू बाहेर जातो, हवा आत येत नाही. त्यावर चिकटपट्टी लावू नका, पुडी फुगेल.

फ्रीज नको. थंड डबा बाहेर काढून उघडला की हवेतली वाफ पाणी होऊन थेट पावडरवर बसते. रोज दोनदा असं केलं तर आठवड्यात कॉफी मेलीच. फ्रीजर मात्र चालतो, अट एवढीच की पुडी एकदाच बाहेर यावी. बियांच्या 100-100 ग्रॅमच्या पुड्या करा, हवा काढून घट्ट बंद करा, वर तारीख लिहा. लागेल तेव्हा एकच काढा, न उघडता तीन-चार तास ओट्यावर राहू द्या, पुडीबाहेरचं दव पुसा, मगच कापा. उरलं ते परत आत टाकायचं नाही.

कॉफी शिळी झाली का, हे गरम पाणी सांगतं. ताज्या पावडरवर पाणी ओतलं की ती फुगते, बुडबुडे येतात. शिळी तशीच बसून राहते. नुसत्या गुठळ्या असतील तर चाळून वापरता येते, पण कुबट वास आला तर फेका. शिळी पण कोरडी असेल, तर वाटीभर उघडी ठेवा फ्रीजमध्ये. लसणाच्या चटणीचा वास ती छान ओढून घेते.