छपरावर सोलर, घरात कंदील

लाईट गेल्याचा दुसरा दिवस. सकाळी सातलाच आमच्या ओट्यावर आठ-दहा जण चार्जर घेऊन बसलेले, कारण अख्ख्या गल्लीत एकट्या माझ्या स्लॅबवर सोलरच्या प्लेटा. मी दात घासत बाहेर आलो तर समोरचे नाना म्हणे, "बोर्ड कुठंय तो दाखव भो." आता काय सांगू त्यांना, माझाच मोबाईल आदल्या रात्री अकराला बंद पडलेला. वर ३ किलोवॅटचं सोलर, ऊन असं की डोळे उघडवत नाहीत, आणि घरात टिकलीएवढा लाल दिवा पण लागत नाही. "म्हंजे तुह्यं सोलर बी लाईटीवरच चालतं का?" नाना बोलले आणि जो हशा पिकला तो अजून चालूच आहे, लग्नाच्या पंगतीत सुद्धा कोणीतरी विषय काढतंच.

पण नाना बोलले ते शंभर टक्के खरं होतं. माझं सोलर ऑन-ग्रीड, म्हणजे बाहेरच्या लाईनच्या जाळ्याला, ग्रीडला, जोडलेलं. त्याच्या इन्व्हर्टरला बाहेरच्या तारेतलं व्होल्टेज आणि ५० हर्ट्झ दिसलं तरच तो चालतो, लाईट गेली की क्षणात स्वतःला बंद करतो. हा बिघाड नाही, मुद्दाम तसं बनवलेलं असतं, नाहीतर लाईन बंद समजून वायरमन पोलवर चढायचा आणि माझ्या छपरावरचा करंट त्याला धरायचा. लाईट नसताना चालवायचं तर बॅटरी पाहिजे, हायब्रिड इन्व्हर्टर पाहिजे. विकणाऱ्यानं बिल किती कमी येईल ते तीनदा सांगितलं, हे एकदाही नाही. मी पण विचारलं नाही म्हणा, माझं सगळं लक्ष सबसिडी कधी जमा होते त्याच्यावर.

तर झालं होतं असं, दोन-तीन वर्षांपूर्वीचा जून, आमचं गाव यावल तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी, आणि या पट्ट्यात जूनच्या सुरुवातीचं वादळ म्हणजे काय ते केळीवाल्याला विचारा. वीस मिनिटं वारा सुटला. घड लागलेल्या बागा झोपल्या, पोल मोडले, तारा रस्त्यावर, डीपी (गावचा ट्रान्सफॉर्मर) खाली. नऊ दिवस लाईट नव्हती. वायरमन पोरं चिखलात रात्री दहा-दहापर्यंत काम करत होती, त्यांना बोल लावायला तोंड नाही आपल्याला, पोलच नव्हते तर ते तरी काय करणार.

त्या नऊ दिवसांनी माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली. आपण लाईट गेली म्हणतो तेव्हा डोळ्यापुढे अंधार येतो, पंखा येतो, टीव्ही येतो. खरं तर आपल्याकडे लाईट जाणं म्हणजे पाणी जाणं. बाकी सगळं त्याच्या नंतर.

पंचायतीची टाकी पहिल्या दिवशी भरलेली होती म्हणून कोणाला काही वाटलं नाही, दीड दिवसात ती खडखडाट. मग लोकांना शाळेजवळचा हापसा आठवला. दांडा मार मार मारला, नुसती हवा. आता तो जो सरकारी हापसा असतो ना, इंडिया मार्क टू, तो साधारण १५० फुटांपर्यंतचं पाणी ओढायला बनवलेला, आणि आमच्याकडे केळीनं पाणी कुठल्या कुठे खाली नेलंय, माझा स्वतःचा बोअर ४५० फुटांचा आहे. म्हणजे हापसा दुरुस्त करून पण उपयोग नाही, त्याच्या हाताला पाणीच लागत नाही. गावविहीर आहे, ७० फूट, चिरेबंदी, पण तिच्यात वीस वर्षं गणपतीचं निर्माल्य आणि प्लास्टिकच्या बाटल्या.

शेवटी वाचवलं कोणी, तर एका भाऊबंदाच्या शेतातल्या सोलर पंपानं. तो पंप लाईनला जोडलेलाच नसतो, प्लेटांवरून सरळ मोटर, त्यामुळे ग्रीड असो नसो, ऊन पडलं की चालू. गावापासून तीन किलोमीटर. ट्रॅक्टरवर टाक्या चढवून सगळं गाव तिथे. ढग आला की धार करंगळीएवढी, ढग सरला की परत जोरात, बाया आभाळाकडे बघून हंडे पुढे सरकवायच्या. म्हशींचे हाल तर विचारू नका, एका म्हशीला उन्हाळ्यात दिवसाला साठ-सत्तर लिटर पाणी लागतं, आणि तिला थोडं थांब म्हणून सांगता येत नाही.

बाकीचं पटपट सांगतो. मोबाईलचे टॉवर दुसऱ्या संध्याकाळी गेले. फोन-पे बंद, किराणावाल्यानं उधारीची वही काढली, ज्याचं नाव वहीत आधीपासून होतं तो राजा. पेट्रोल पंप जनरेटरवर, रांग हायवेपर्यंत. चक्की बंद.

हे झालं नऊ दिवसांचं, आणि तेही अशा वेळी की तीस किलोमीटरवर भुसावळला सगळं सुरळीत चालू होतं, बर्फ मिळत होता, डिझेल मिळत होतं, एटीएम चालू होतं. समजा भुसावळला पण नसती तर? जळगाव, धुळे, नाशिक कुठेच नसती तर?

असं होत नाही म्हणणाऱ्यांना मी २०१२ ची आठवण करून देतो. ३० जुलैला उत्तरेचं ग्रीड बसलं, ३१ ला उत्तर, पूर्व आणि ईशान्य तिन्ही, साठ कोटींच्या वर लोक अंधारात. सुरुवात झाली ती बिना-ग्वाल्हेर लाईन ट्रिप होऊन. आपलं पश्चिमेचं ग्रीड वेगळं सुटलं म्हणून आपण वाचलो, आपल्याला तर बातम्यांतच कळलं. पुढे २०१३ च्या डिसेंबरला सोलापूर-रायचूर लाईननं दक्षिण पण जोडली गेली आणि आता सगळा देश एका दोरीत, त्याचा फायदा भरपूर आहे, एकीकडे कमी पडली तर दुसरीकडून येते, पण दोरी एकच हेही खरं. मुंबईत १२ ऑक्टोबर २०२० ला काय तारांबळ उडाली ते सगळ्यांनी पाहिलं, लोकल जागच्या जागी उभ्या. गेल्या वर्षा-दोन वर्षातलंच बघा, २८ एप्रिल २०२५ ला स्पेन आणि पोर्तुगाल भर दुपारी बंद, आणि तिथले लोक सेलवरचा रेडिओ शोधत दुकानं फिरत होते. हे सगळे मात्र तासा-दिवसात सावरले. लांबलं ते प्वेर्तो रिकोला, २०१७ च्या चक्रीवादळानंतर शेवटच्या घरात लाईट यायला जवळपास ११ महिने लागले.

लोकांना वाटतं दीपनगरचं कोळशावरचं वीज केंद्र आपल्या शेजारी आहे, तिथे एवढे मोठे धुराडे दिसतात, आपल्याला काय कमी. अहो पण कोळशाचं स्टेशन चालू करायलाच आधी बाहेरून लाईट लागते! कोळसा दळायच्या गिरण्या, मोठे पंखे, पाण्याचे पंप हे सगळं मोटरवर. सगळं ग्रीड गार पडलं तर आधी कोयनेसारखं पाण्यावरचं स्टेशन उठवायचं, ते पाण्याच्या दाबावर फिरतं म्हणून त्याला बाहेरची मदत थोडकी लागते, मग तिथून एकेक लाईन चार्ज करत कोळशाच्या स्टेशनपर्यंत लाईट न्यायची, तेवढाच लोड देत देत, जरा जास्त झाला की परत बसलं. हे जाणकार माणसं करतातच, त्यांचा तोच धंदा. पण मोठे ट्रान्सफॉर्मरच जळले तर ते दुकानात ठेवलेले नसतात, ऑर्डर देऊन बनवून घ्यावे लागतात आणि त्याला महिने नाही, कधी वर्ष-दोन वर्षं जातात. माझ्या पोटात गोळा येतो तो इथे.

म्हणून मी माझ्यापुरती तयारी सुरू केली. घरचे हसतात. यूट्यूबवर त्या अमेरिकेतल्या लोकांचे व्हिडीओ बघून मी पण आधी भलतंच काहीतरी डोक्यात घेतलं होतं, तळघर, डबाबंद जेवण, वगैरे. आमच्या काळ्या मातीत तळघर खोदलं तर दुसऱ्या पावसाळ्यात माती फुगून भिंत आत ढकलेल. आणि डबाबंद जेवणाचं म्हणाल तर आपल्या बाया दर उन्हाळ्यात तेच करतात की, गहू, दादर (आमच्याकडची ज्वारी), तुरीची डाळ वर्षाची भरायची, बिबडे, कुरडया, शेवया, वाळवलेली वांगी, कडुलिंबाचा पाला टाकून कोठ्या बंद. आमच्या घरात आज लाईट गेली तर आठ महिने कोणी उपाशी मरणार नाही.

फक्त दळायचं कशावर?

आमचं जातं कुठे होतं माहितीये, मोरीत. त्याच्यावर कपडे आपटायचे. खालची पाळ सापडली, वरची गोठ्यात दावणीला टेकू म्हणून. दोन्ही घासून ओट्यावर मांडली, नवीन खुंटा सुताराकडून करून घेतला आणि मी मोठ्या ऐटीत बसलो किलोभर दादर घेऊन. पाऊण तासानं हाताला फोड आणि ताटात भरडा. आई लांबून बघत होती, मग उठून आली, पाळीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "टाकी कधीची लागली नाही रे हिला, गुळगुळीत झाली." म्हणजे जात्याला पण मधून मधून छिन्नीनं टाकी लावून खरबरीत करून घ्यावं लागतं, ते लावणारे लोक पूर्वी गल्लीत ओरडत यायचे, आता कुठे शोधायचे? मी दोन गावं फिरलो. एक म्हातारा भेटला, त्यानं लावून दिली, त्याचा मुलगा टाईल्सच्या कामाला जातो. आता पीठ बरं पडतं. भाकरी जाड होते, पण होते.

दुसरी काळजी आईच्या इन्सुलिनची. वापरात काढलेली बाटली ४ आठवडे फ्रीजबाहेर राहते, पण २५-३० डिग्रीच्या आत, आणि आपल्याकडे मे महिन्यात घरातच ४० असतं. वादळाच्या वेळी रोज भुसावळहून बर्फ आणत होतो. त्यानंतरच्या मे मध्ये मी प्रयोग केला, मोठा माठ, त्यात वाळू, वाळूत छोटा माठ, वाळू सकाळ-संध्याकाळ ओली करायची, वर ओलं पोतं, आणि सगळं सावलीत पण वारा लागेल असं. आत थर्मामीटर टाकला. ओट्यावर ४३, छोट्या माठात २७. मी तर नाचलोच. आपली हवा कोरडी आहे म्हणून हे जमतं, पाऊस पडून हवा दमट झाली की तेवढं गार होत नाही, पण तेव्हा बाहेरही तेवढं तापलेलं नसतं. न उघडलेल्या बाटल्यांना मात्र फ्रीजच पाहिजे, त्याला माठ पुरत नाही, त्यामुळे आता डॉक्टरांशी बोलून जास्तीच्या दोन-तीन ठेवतो आणि जुनी आधी वापरतो.

लाईटीचं थोडं. इन्व्हर्टरची १५० एएचची बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास, पण तिला पार निचरून काढलं तर ती लवकर मरते, अर्धीच धरा. ७५ वॅटचे तीन पंखे लावले तर चार तासात खेळ खल्लास. मी तिन्ही पंखे बीएलडीसी केले, म्हणजे कमी लाईट खाणारे, ३० वॅटचे, तीच बॅटरी रात्रभर पुरते. आणि स्लॅबवर त्या ३ किलोवॅटच्या शेजारी १६० वॅटच्या दोन गरीब प्लेटा वेगळ्या लावल्या, चार्ज कंट्रोलरवरून सरळ या बॅटरीला. नानांना बोलावून मेन स्विच पाडून दाखवलं. त्यांनी पंख्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, म्हणे "मंग हे आधी का नाही केलं?"

जनरेटरवाल्यांना हात जोडून एकच, मेन पाडल्याशिवाय तो घराच्या वायरिंगला जोडू नका, चेंज-ओव्हर स्विच बसवून घ्या, एका वेळी लाईन तरी नाहीतर जनरेटर तरी. तुमचे २३० व्होल्ट उलटे डीपीत शिरले की पलीकडे ११ हजार होऊन निघतात, आणि तारेला हात लावलेला असतो आपल्याच गावच्या पोरानं.

केळीचं मी काही करू शकत नाही हे मान्य करून टाकलंय. एकराला सतराशेच्या वर झाडं, भर उन्हाळ्यात झाडाला दिवसाला १५-२० लिटर, म्हणजे एकरी तीस हजार लिटर रोज, हे कुठल्या बादलीनं ओतणार? दहा-बारा दिवस मोटर बंद राहिली की बाग गेली समजा. एक एकर कोरडवाहू मात्र मी दरवर्षी ज्वारीला सोडतो आता, बापाच्या वेळचं शेत, लोक म्हणतात येडा झाला, केळीची जमीन आणि दादर पेरतो.

पाण्याला वळसा नाही. छपराचं पावसाचं पाणी टाकीत घेतोय, गाळून, तुरटी फिरवून, वर टीसीएल, ती पाणी शुद्ध करायची पावडर. पण जून ते सप्टेंबर झालं, पुढे काय. म्हणून गावविहीर. मागच्या महिन्यात यारीवाल्याला, म्हणजे यारीनं विहिरीतला गाळ उपसतो त्याला, आणून दाखवली, तो वाकून बघत म्हणाला पंधरा फूट तरी गाळ-कचरा असेल, खाली झरा जिवंत असला तर पाणी लागेल, नसला तर माझ्या बोलण्यावर जाऊ नका. घरटी पाचशे ठरलेत. ग्रामपंचायतीत विषय मांडला तर एक जण म्हणाला आता सोलरचे पंप आलेत, विहिरी कशाला. यारीवाला म्हणतो पावसाच्या आधी उरका, पाणी चढलं की मी काही उतरणार नाही.

आजपर्यंत १४ घरांचे जमलेत. ४० पाहिजेत.