डस्टर हरवलं तो दिवस

आठवी ते दहावी, तीन वर्षं फळा पुसायचं काम माझ्याकडे होतं. एकदा डस्टरच सापडेना. विज्ञानाचे सर आले, टेबलाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता आधीच्या तासाच्या गणितांवरच चेतासंस्थेची आकृती काढायला लागले. दहा मिनिटांत फळ्यावर नुसता पांढरा गोंधळ.

"मज्जातंतू स्नायूला निरोप धाडतो तो ॲसिटिलकोलिनच्या हाती," सर म्हणाले. "निरोप पोचला, की तो पुसायला कोलिनेस्टरेज हे विकर हजर. ते निकामी झालं, की शरीरात हे असं होतं."

पुढे डॉक्टर झालो, आणि ही पुसापुशी किती झपाट्याने चालते ते कळलं. या विकराचा एक रेणू सेकंदाला ॲसिटिलकोलिनचे हजारो रेणू मोडतो. नर्व्ह एजंट, म्हणजे चेतासंस्थेवर घाला घालणारी रासायनिक अस्त्रं, नेमकी त्यालाच चिकटतात. यातला पहिला, ताबुन, 1936 साली गेऱ्हार्ड श्राडर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाच्या हाती लागला, तोही कीटकनाशक शोधताना. पुढे त्याची बाधा खुद्द त्यालाच झाली: नजर अंधुक, श्वास कोंडलेला.

लोक 'नर्व्ह गॅस' म्हणतात, पण ही खरं तर द्रवं. सारिन पटकन उडतं. त्याची वाफ फुप्फुसांतून आणि डोळ्यांतून आत शिरते नि काही सेकंदांत ते मिनिटांत त्रास सुरू होतो. व्हीएक्स तेलकट, सावकाश उडणारं. त्याचा थेंब कातडीतून झिरपतो आणि कधीकधी तासन् तास काहीच जाणवत नाही. मला या दुसऱ्याचीच जास्त भीती वाटते.

मग डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. नाक, लाळ, घाम, सगळं वाहायला लागतं. पोटात कळा येतात, छाती घरघरते. कातडीखाली स्नायू फडफडतात आणि शेवटी थकून लुळे पडतात. माणूस जातो तो बहुधा श्वास बंद पडून: फुप्फुसांत स्राव, श्वासनलिका आवळलेल्या, श्वासाचे स्नायू लुळे आणि मेंदूतलं श्वसनकेंद्रही मंदावलेलं.

20 मार्च 1995 ला टोकियोच्या भुयारी रेल्वेत सारिन सोडलं गेलं. बरेच बाधित आपल्या पायांनी दवाखान्यात आले, अंगावरच्या कपड्यांसकट. त्या कपड्यांतल्या वाफेने काही डॉक्टर-नर्सनाही अंधुक दिसू लागलं. म्हणून आधी हातमोजे, मग रुग्णाचे कपडे उतरवणं, धुणं, आणि मग बाकीचं.

माझ्या वाट्याला सारिन कधी आलं नाही. आलं ते त्याचं भावंड, ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशक. पहिल्याच वर्षीची रात्रपाळी होती. सिस्टर कात्रीने रुग्णाचा शर्ट कापत होत्या, मी बॅटरीने बाहुल्या बघत होतो. ॲट्रोपिन दिलं. पाच मिनिटांनी दुप्पट, पुन्हा दुप्पट. ॲट्रोपिन चिकटलेलं विकर सोडवत नाही, फक्त निरोप वाचू देत नाही, आणि स्नायूंच्या लुळेपणावर तर त्याचा काहीच इलाज चालत नाही. विकर सोडवायला प्रॅलिडॉक्सिम, आमच्या भाषेत 'पाम', पण तेही वेळेत हवं. चिकटलेला बंध पक्का झाला की पाम हात टेकतं. सारिनच्या बाबतीत काही तास मिळतात, सोमान या आणखी एका नर्व्ह एजंटच्या बाबतीत काही मिनिटंच.

"सर, आता किती?" सिस्टर दर खेपेला विचारायच्या. मी बाहुल्यांकडे बघत बसलो होतो. त्यांनीच स्टेथोस्कोप माझ्या हातात दिला, "छाती ऐका." बरोबर होतं त्यांचं. छाती कोरडी होईपर्यंत डोस वाढवायचा असतो, बाहुल्या मागाहून येतात. पहाटे घरघर थांबली तेव्हा मला अचानक तो पांढरा फळा दिसला.

राहता राहिलं डस्टर. ते दुसऱ्या दिवशी माझ्याच दप्तरात, भूगोलाच्या वहीखाली सापडलं. मी ते गुपचूप टेबलावर ठेवून दिलं. सर, तुम्हाला सांगायचं राहिलं होतं.